मंगळावरच्या मेथीचा फोटो

मंगळावर मेथी उगवली होती! बुटक्या बोगद्यात, दारापासून पार टोकापर्यंत एकामागे एक हिरव्यागार ओळी. फोटोत मात्र पहिलीच ओळ स्पष्ट येई, मागचं सगळं धूसर. असं का व्हावं?

अकरा वर्षांची मृण्मयी आणि तिची मावशी, वसाहतीतली प्रकाशतज्ज्ञ डॉ. वासंती, सकाळपासून कॅमेऱ्याशी झटत होत्या. पृथ्वीवरच्या समितीला एकच अखंड फोटो हवा होता, प्रत्येक ओळ स्पष्ट दिसणारा. नाहीतर शेती बंद करून सगळ्यांनी परत यायचं. समिती संध्याकाळी बसणार होती.

"भृंगा, छिद्र बारीक कर," मावशी यंत्रमानवाला म्हणाली.

छिद्र (प्रकाश आत येण्याची वाट) बारीक केलं की दूरवरचंही स्पष्ट दिसतं, पण फोटो टिपायला जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात पंख्याच्या वाऱ्याने पानं हलली आणि सगळंच फिसकटलं.

"पंखा बंद करू?" मृण्मयीने विचारलं.

"मग श्वास कसा घेशील? इथली हवा त्याच्यावरच खेळते."

मावशीने जेवणाचं ताट कॅमेऱ्यासमोर उभं धरलं. "भिंग आणि संवेदक (चित्र टिपणारी पट्टी) एकमेकांना समांतर असतात ना, म्हणून अशा उभ्या ताटासारख्या एकाच पातळीवर येईल तेवढंच स्पष्ट दिसतं."

"पण मेथी तर आडवी पसरलीय!" मृण्मयीने ताट घेऊन वाफ्यावर आडवं धरलं. "ताट असं निजवायचं. कॅमेरा वाकवू?"

"त्याने भिंग आणि संवेदक दोन्ही एकत्र वाकतील. ताट नुसतं थोडं कलेल, निजणार नाही."

"मग एकटं भिंगच वाकवू!"

मावशी बघतच राहिली. "अगं, यालाच टिल्ट लेन्स (कलणारं भिंग) म्हणतात! पण ती आपल्याकडे नाही."

"बनवू की!"

भृंगाने भिंग काढलं. काळ्या रबरी नळीचा तुकडा घडीघडीने दुमडून त्याने भाता केला आणि तो भिंग व कॅमेऱ्याच्या मध्ये बसवला. मृण्मयीने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत भिंग हळूहळू पुढे झुकवलं. दुसरी ओळ उजळली. मग मधल्या ओळी. आणि मग अगदी टोकाची, पान न् पान मोजता येईल अशी!

"आता छिद्र मोठं ठेवलं तरी चालेल. पानं हलायच्या आत टिप, भृंगा!"

फोटो पृथ्वीकडे निघाला. उत्तराची वाट बघताना मृण्मयीची नखं कुरतडून संपली. अखेर पडद्यावर अक्षरं उमटली: "शेती मंजूर. पुढच्या यानाने गव्हाचं बियाणं येतंय, आणि पेरायला चाळीस माणसं."

भोंगा वाजला. लोक धावत बोगद्याशी जमले. मावशीने मृण्मयीला खांद्यावर उचललं आणि लाल ग्रहावर पहिल्यांदाच आरोळी घुमली, "मेथी जिंकली!"