गार पडल्याशिवाय उचलू नये

किनाऱ्यावरच्या त्या गावात वर्षातून एकदा ‘कुटुंबासह निसर्गशोध’ असा दिवस भरत असे. ओहोटी लागली की आईबापांनी पोरांना घेऊन चिखलात उतरायचं, पक्षी-प्राण्यांचे ठसे शोधायचे, त्यांत प्लास्टर ओतायचं आणि तयार झालेले साचे घरी न्यायचे. हौसेला मोल नसतं, दुसरं काय!

साचे कसे घ्यायचे ते दाखवायला यंदा कवळीवाल्याला बोलावलं होतं. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारा हा कारागीर अठरा वर्षं प्लास्टरात हात बुडवून बसला होता. “प्लास्टर घट्ट होताना तापतं, मग गार पडतं. गार पडल्याशिवाय उचलायचं नाही. घाई केली की तडकतं.” हे त्याने हाताखालच्या शिकाऊंना इतक्यांदा ऐकवलं होतं, की ती मंडळी पाठीमागे त्याची नक्कल करत. आज त्याने ते चाळीस माणसांना ऐकवलं.

अर्धं लक्ष मात्र मुलीच्या बुटांकडे होतं. सात वर्षांची पोर गेल्या आठवड्यात चार दिवस तापाने फणफणली होती. बायको तिला पाठवायलाच तयार नव्हती.

“पाय ओले होऊ देऊ नकोस तिचे,” दारात ती म्हणाली होती. “जशी नेतोयस तशी परत आण.”

“अगं, समुद्रावर चाललोय, लढाईवर नाही.”

बोलायला काय जातं! इथे आल्यापासून त्याने तिचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट सहा वेळा वर ओढले होते. बूट सगळ्यांनाच होते म्हणा. चिखलात धारदार शिंपले असतात, म्हणून हा दिवस भरवणाऱ्या शाळेतल्या बाई कुणालाही अनवाणी उतरू देत नसत.

अकराच्या सुमारास मुलगी उकिडवी बसून बगळ्याच्या ठशात प्लास्टर ओतत होती. तिच्यामागच्या चिखलात कवळीवाल्याला पावलं दिसली. लहान, अनवाणी. पाण्यातून निघून सरळ इकडे आलेली. परत जाणारं एकही नव्हतं. शेवटचं पाऊल डावं होतं आणि ते मुलीच्या बुटांपासून हातभर अंतरावर थांबलं होतं.

तो वाकला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. टाचेला काच लागल्याची वाकडी खूण. पोरीचा हा पाय त्याने हजारदा पुसला होता.

“बूट काढले होतेस?”

“नाही बाबा.”

“खरं सांग.”

“तूच तर सारखा ओढून बघतोयस!”

त्याने तिचा डावा बूट उपसला. मोजा कोरडा ठणठणीत होता.

बाई हसत हसत जवळ आल्या. त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं.

“याचा साचा नका घेऊ.”

“का?”

“उमटतात अशी, कधीतरी. आम्ही घेत नाही. पाण्याचं आहे, पाण्याला नेऊ द्यावं.”

“पण पावलं कुणाची आहेत ही?”

“भरती लागलीय,” बाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. “आवरा लवकर.”

कवळीवाला हेकट नव्हता, पण धास्तावलेला होता. माणूस आपल्या दातांबद्दल खोटं बोलतो, साचा खोटं बोलत नाही, हे त्याला पक्कं माहीत. साचा घ्यावा, घरी पोरीच्या पायाशी ताडून बघावा, फरक दिसला की आपला जीव भांड्यात पडेल, एवढाच त्याचा हिशेब. त्याने पावलाभोवती पुठ्ठ्याचं कडं चिखलात रोवलं आणि प्लास्टर ओतलं.

वीस मिनिटांनी हात लावला. गरम. असायलाच हवं.

चाळीस मिनिटांनी शेजारचा बगळा गार पडला होता. हे गरमच होतं.

पाण्याची पहिली जीभ पुठ्ठ्याला लागली. बाईंनी सगळ्यांना परत बोलावण्यासाठी शिट्टी फुंकली. त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि अठरा वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. साचा गरम असतानाच उचलला.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “माझा पाय गारठलाय.”

घरी पोचायला साडेतीन वाजले. बायकोने दारातच पोरीच्या कपाळाला हात लावला.

“बरं झालं, ताप नाही. उगाच काळजी करत बसले मी.”

त्याने पलंगावर बसवून पोरीचे मोजे काढले. उजवा पाय उबदार होता. डावा ओट्याच्या दगडासारखा गार. तो चोळत राहिला, फुंकर घालत राहिला. पाय काही गरम होईना. शेवटी बायकोनेच त्याला उठवलं आणि पोरीला पांघरूण घालून ती शेजारी बसली.

स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला साचा होता. त्याने कागद सोडला. ओतल्याला चार तास होऊन गेले होते.

साचा उबदार होता. प्लास्टर तापतं तसा नाही. झोपेतून उठलेल्या पोराचं अंग असतं तसा.

त्याचे हात सवयीने कामाला लागले. काय करावं सुचेना, की माणूस येत असेल ते करतो. त्याने जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि तळव्यावरचा चिखल हलकेच झाडू लागला.

आतून खिदळणं ऐकू आलं.

“बाबा, गुदगुल्या नको ना!”

“अगं, बाबा कुठे आहे इथे?” बायको म्हणाली.

त्याचा ब्रश थांबला. खिदळणंही थांबलं.

त्याने टॉवेलाची घडी केली आणि दोन्ही हातांनी साचा तिच्यावर टेकवला. श्वास रोखून. आवाज न करता.

“आई,” आत मुलगी म्हणाली, “माझी करंगळी दुखतेय.”

त्याने दिवा लावला आणि वाकून पाहिलं. करंगळीच्या मुळाशी एक चीर होती. केसाएवढी. मघाशी नव्हती.

अशी चीर टाचेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. साचा होता तिथे परत ठेवायचा तर तो चिखल उघडा पडायला हवा होता, आणि पुढच्या ओहोटीला अजून आठ तास होते.