उलटा भोवरा

केस कापताना मी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे फारसं बघत नाही. ते काम आरसा करतो. मी माणसं डोक्यावरून ओळखते. भांग बदलतो, रंग बदलतो, पण डोक्यावरचा भोवरा जन्मभर एकाच बाजूला फिरतो. माझ्या लेकीचा उजवीकडे. तिची पहिली बट मीच कापली होती.

नववीत गेल्यापासून ती उठता-बसता स्वतःचे फोटो काढून नेटवर टाकायची. एका फोटोखाली कुणीतरी तिच्या नाकाला नावं ठेवली, इतरांनी री ओढली आणि पोरीने हाय खाल्ली. जेवण तुटलं, झोप उडाली. "फोनमध्ये दिसते तेवढीच मी बरी आहे," म्हणायची. समजावलं, रागावले, डॉक्टरांकडे नेलं. माझा जीव तिळतिळ तुटायचा.

मग एका सकाळी ती एकदम गोड झाली. वाढलेलं मुकाट्याने खाल्लं, हसून बोलली. नवरा म्हणाला, सुटलो एकदाचे. पण चमचा तिने डाव्या हातात धरला होता, आणि डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर होता. नवऱ्याला दाखवला, तर त्याने तिचा फोटो पुढे केला. "फोटोतही तिथेच आहे की."

होताच. स्वतःकडे वळवलेला कॅमेरा आरशासारखं उलटं दाखवतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. केस विंचरायच्या निमित्ताने मी तिला जवळ घेतलं. भोवरा डावीकडे फिरत होता. माझा कंगवा तिथेच थांबला.

"काय झालं, आई?" तिने गोड आवाजात विचारलं. माझी लेक असं कधी विचारत नाही. ती 'काय गं' म्हणून खेकसते.

सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर ओढून मी तिला खुर्चीत बसवलं. ती गोड झाली त्याच्या आदल्या संध्याकाळी काढलेला, तिच्या फोनमधला शेवटचा फोटो उघडला. गिऱ्हाइकाला मागचे केस दाखवायचा हातआरसा घेतला. उलट्याचं उलटं केलं की सुलट होतं, एवढाच माझा हिशेब होता. फोन आरशासमोर धरला.

फोटोत ती हसत होती.

आरशात ती रडत होती. तीळ डाव्या गालावर.

"ठमे, चल घरी," मी म्हणाले.

खुर्चीतल्या मुलीचं हसू थांबलं. "नको ना," ती म्हणाली.

मी आरसा हलू दिला नाही. हात भरून आला, तरी नाही.

मग खुर्चीतून एक उजवा हात उठला आणि त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"काय गं! किती वेळ लावलास!"

असं खेकसणं ऐकून जग जिंकल्यासारखं वाटलं. ती ढसाढसा रडली, दोन माणसांचं जेवली, बापाशी भांडली. आरशात बघून म्हणाली, "आहे बुवा नाक वाकडं," आणि खुदकन हसली. मी तिला परत आणलं होतं. मीच.

रात्री कुशीत शिरून ती हळूच म्हणाली, "तिकडे मी एकटी नव्हते गं."

दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणींना दुकानात आणलं. आई फुकट केस कापते, असं सांगून. चौघी बाकावर ओळीने बसल्या, फोनवर माना घालून. लहानपणापासून त्यांचे केस मीच कापत आले आहे; चौघींचेही भोवरे उजवीकडचे. चारही डोकी माझ्यासमोर होती.

चारही भोवरे डावीकडे.

मी थबकले, तशा चौघींनी एकदम माना वर केल्या. "काय झालं, काकू?"

"काही नाही गं," मी म्हणाले आणि हातआरसा पुसायला घेतला. लेकीने शटर खाली ओढलं.