दुसऱ्या मशीनजवळचं स्टूल

दिवा जरा इकडे सरकव, सूनबाई. वीज यायला अवकाश आहे, तोवर सांगून टाकते. दुपारचे तीन वाजले की सासूबाई अशा गप्प का होतात, हे तू किती दिवस विचारते आहेस.

मी त्या दिवशी निघाले होते ती नुसती एक किल्ली आणायला.

आमच्या गल्लीच्या टोकाला ते थिएटर. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथली तिसरी घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. तिच्यावर मी कुकर लावायची. बाल्कनीत शिरायला बायकांची ढकलाढकली चालायची. मग घरोघरी टीव्ही आले, पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर चकचकीत थिएटरं झाली, आणि आमच्याकडे खुर्च्यांतला काथ्या उंदरांनी ओढून नेला. शेवटी शेवटी माणसं पंख्याखाली झोपायला यायची.

तुझे सासरे वर केबिनमध्ये, सिनेमा दाखवायच्या मशीनवर. तिथे मशीनं दोन, माणसं दोन. दुसऱ्या मशीनवर पैलवान. काडीसारखा माणूस, म्हणून सगळे पैलवान म्हणायचे! एका मशीनवरचं रीळ संपत आलं की दुसरं चालू करायचं, पडद्यावर कुणाला कळता कामा नये. त्यांचा नेम ठरलेला. ज्याचं रीळ संपतंय त्याने विचारायचं, "सोडू?" दुसऱ्याने म्हणायचं, "घेतलं." उत्तर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. ही सवय घरीसुद्धा आली. रिकामा कप परत देताना हे "सोडू?" म्हणायचे, मी "घेतलं" म्हणायची. तुझा नवरा लहानपणी पोट धरून हसायचा.

एका दुपारी, तीनच्या खेळाला, पैलवानाने विचारलंच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात रीळ बदलायच्या खुणेचा ठिपका चमकला, रीळ संपलं, आणि यांनी हाताच्या सवयीने आपलं मशीन सुरू केलं. नंतर वळून पाहिलं, तर पैलवान स्टुलावर भिंतीला टेकून बसलेला. गेलेला. खाली एकालाही कळलं नाही. पुढे चार महिन्यांत थिएटरला कुलूप लागलं.

किल्ली मात्र यांच्याचकडे. अकरा वर्षं, सूनबाई! रोज तीनला जेवणावरून उठून हे त्या काळोखात जाऊन बसायचे. "त्याचं विचारायचं राहिलंय," एवढंच बोलायचे. मी हात जोडले, भांडले, अबोला धरला. तुम्ही दोघं इकडे बोलावत होता, नातीचं तोंड पाहायचं होतं, आणि आमचं बिऱ्हाड एका स्टुलापाशी अडलेलं. हे तिथून उठेपर्यंत मी साखर सोडली. देवापुढे रोज एकच मागणं मागितलं.

मग ते थिएटर पाडायचं ठरलं. किल्ली पाच वाजेपर्यंत द्यायची होती, संध्याकाळची आमची गाडी. तीन वाजून गेले तरी हे येईनात, तेव्हा चप्पल अडकवून मीच गेले.

बाहेर लख्ख ऊन होतं. आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांपुढे काही राहिलं नाही. कुबट गारवा, ओल्या कापडाचा वास. जिन्याच्या कठड्याला हात लावत वर गेले. केबिनमध्ये मात्र वास वेगळा... तापलेल्या तेलाचा. मशीन नुकतं थांबवल्यासारखा. वीज तर कधीच तोडलेली होती.

"अहो..." मी म्हटलं. "किती छळाल? उठा आता."

एवढासा झरोका, त्यातून आलेला उजेड यांच्या गुडघ्यावर पडला होता. चेहरा दिसत नव्हता. मला रडू फुटलं.

"एका माणसासाठी घर सोडलंत... मी कुणाची कोण?"

मग काळोखातून हलकेच आलं...

"सोडू?"

माझ्या जिवात जीव आला. देवाने ऐकलं! हे सुटायला तयार झाले! कप घेताना निघतो तसा तोंडातून शब्द निघून गेला.

"घेतलं."

दुसऱ्या मशीनजवळचं स्टूल करकरलं. त्यावरून कुणी उठावं तसं. उंदीर असतील, म्हटलं.

हे उठले. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि मुकाट्याने जिना उतरले. मी मनातल्या मनात साखरेची गोडी आठवत मागून चालले. कोपऱ्यावर हे थांबले. एवढं चिडलेलं मी यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तू का उत्तर दिलंस?" हे म्हणाले. "ते मी द्यायचं होतं. अकरा वर्षं मी त्याचसाठी बसलो होतो."

"अहो, पण तुम्हीच तर विचारलंत..."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग भर उन्हात शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि चालू लागले.

माझा नवस फळला. हे तिथून उठले, आपण सगळे एकत्र आलो, नात मांडीवर खेळते. पण चहात साखर घालते तर तोंडात तेलाची चव येते. ते थिएटर कधीच जमीनदोस्त झालं. तरी तीन वाजले की कानाशी मशीनची घरघर सुरू होते, आणि ती थांबेपर्यंत मला बसल्या जागेवरून हलता येत नाही. पाय उचलतच नाहीत. हे समोर बसून पाहतात, एका शब्दाने विचारत नाहीत. त्यांचा राग अजून गेलेला नाही. माझाही नाही. एवढा नेम पाळला तो असं दुसऱ्याचं ओझं घ्यायला का गं? पण देव आहे. यातूनही काढील तो.

चल, बोलून घसा सुकला. चहा संपला माझा, हा कप घे.

अगं अगं, गप्प! तोंडातून शब्द काढू नकोस. नुसता हात पुढे कर.

आत्ता "सोडू?" म्हणालं... ते मी नव्हे.