'आणखी'ची खूण

"इथे बाळांना बोलायला शिकवतात ना?" त्याने दारातूनच विचारलं. टोपीवर बर्फ, काखेत बाळ, आणि बाळाच्या मुठीत त्याचं नाक.

"बोलायला नाही, हातांनी खुणा करायला. आणि तुम्ही वीस मिनिटं उशिरा आलात," मी म्हटलं.

"रस्त्यावरचा बर्फ काढत होतो हो! नाहीतर ही बाकीची मंडळी तरी पोचली असती का?"

मला हसूच आलं मेलं.

तो डेस्मंड. पहाटे रॉचेस्टरच्या रस्त्यांवर बर्फ हटवायची गाडी चालवायचा, आणि दर मंगळवारी बहिणीच्या अकरा महिन्यांच्या पिप्पाला घेऊन वाचनालयात माझ्या वर्गाला यायचा. मूठ उघडमीट केली की दूध. बोटांची टोकं जुळवून टकटक केली की आणखी. दोन्ही पंजे झटकन उलटे फिरवले की संपलं. पिप्पा ढिम्म! मामा मात्र टक लावून... आणि तेही माझ्या तोंडाकडे.

"हातांकडे बघा," मी दटावलं.

"तुम्हीच म्हणालात ना, अर्धी खूण चेहऱ्यात असते? मी त्या अर्ध्याचा अभ्यास करतोय."

चौथ्या मंगळवारी पिप्पाने बिस्किटाकडे बघत चिमुकली बोटं जुळवली. टक, टक. आणखी!

"बोलली! मार्गो, अगं, बोलली ती!" म्हणत त्याने मलाच मिठी मारली. मग कान लाल करून दूर झाला. पण 'तुम्ही'चं 'तू' झालं ते झालंच.

मला तो आवडला. फार आवडला. म्हणूनच धास्ती वाटायला लागली.

माझे बाबा जन्मापासून बहिरे. आमच्यात आपल्या माणसाला खुणेचं नाव देतात, म्हणजे फक्त त्याचीच अशी हाताची एक खूण. ते बहिऱ्या माणसानेच द्यायचं, मागून मिळत नाही. माझा आधीचा प्रियकर कॉलिन तीन वर्षं आमच्या टेबलावर जेवला. बाबा समोर बसलेले असायचे आणि हा मला म्हणायचा, "तुझ्या बाबांना सांग." बाबांनी त्याला नाव दिलं नाही ते नाहीच. तो गेल्यावर मी ठरवलं होतं, बाबा ज्याला नाव देणार नाहीत त्याच्याशी लग्न नाही.

"रविवारी दुपारी जेवायला ये," मी डेस्मंडला म्हटलं. "पण मी मध्ये बोलणार नाही हं. एक शब्दही नाही."

"अगं, पण मला पिप्पाएवढंच येतं!"

"मग तेवढंच बोल."

रविवारी बाबांनी सूप वाढलं. डेस्मंडने वाडगा चाटूनपुसून साफ केला आणि त्यांच्याकडे बघून बोटं जुळवली. आणखी. तिसऱ्या वाडग्याला बाबांच्या मिशीत हसू दिसलं. मग त्यांनी भराभर काहीतरी विचारलं. डेस्मंड गोंधळला, माझ्याकडे बघायला लागला... मी मान खाली घातली.

बाबांनी पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश. बोट माझ्याकडे, मग त्याच्याकडे. भुवया वर.

डेस्मंडने घाम पुसला. माझ्याकडे बोट केलं. आणखी. परत आणखी. मग दोन्ही पंजे उलटे फिरवले, संपलं, आणि जोरजोरात मान हलवली... नाही. कधीच नाही. अर्धी खूण चेहऱ्यावर होती, आणि ती त्याला अगदी छान जमली होती.

बाबा घर दणाणेल असं हसले. मग पाय आपटला. आमच्याकडे हाक अशीच मारतात. मी डोळे पुसून वर बघितलं. त्यांनी डेस्मंडकडे बोट केलं आणि 'आणखी'ची खूण थेट हृदयाजवळ करून दाखवली.

"काय म्हणाले? मार्गो, सांग ना!"

मी बोलणार नव्हते. मी त्याच्याकडे बघून तीच खूण केली, माझ्या छातीशी.

"हे... मी?"

"तू. आणि दिलेलं नाव आमच्यात परत घेत नाहीत. आता सुटका नाही तुझी."

तो खुर्ची सरकवून माझ्याजवळ आला. बाबांनी लगबगीने आमच्याकडे पाठ केली आणि रिकामं भांडं ढवळत बसले. आमच्या घरी याला कान बंद करणं म्हणतात.