पाच सेकंद गप्प

बावीस वर्षं इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड सांभाळल्यावर उतारवयात संगणकाचे टॅग उघडायला आणि बंद करायला शिकावं लागतंय, याचा ऑपरेटरबाईंना मनस्वी वैताग आला होता. यापुढे फोनवर यंत्र बोलणार होतं आणि त्यानं काय बोलायचं, ते टोकदार कंसांच्या भाषेत बाईंनीच लिहायचं होतं. जमलं तर यंत्राची देखभाल त्यांच्याकडे, नाही तर घरी बसा. शुक्रवारी परीक्षा होती. एक तिरपी रेघ राहिली तरी सगळं मुसळ केरात.

शिकवायला आलेला मास्तर त्यांच्या मुलीच्या वयाचा. "ताई, प्रश्न झाला, पर्याय झाले. आता नो-इनपुट," तो म्हणाला. "फोन करणारा गप्प राहिला, तर पाच सेकंदांनी यंत्रानं म्हणायचं, 'तुमचा आवाज ऐकू आला नाही.' तपासायचं कसं? फोन लावायचा आणि गप्प बसायचं."

"गप्प बसायला शिकवण्यासाठी माणूस नेमलाय म्हणायचा," बाई पुटपुटल्या.

गुरुवारी दुपारी मास्तर जेवायला गेला, तेव्हा त्यांनी बोर्डाच्या खोलीचं दार लावून घेतलं. खोलीला खिडकी नव्हती. भिंतींवर आवाज शोषणारे करडे तक्ते होते, त्यांना जुन्या तापलेल्या वायरींचा वास लागला होता. बाईंनी नंबर फिरवला. पलीकडून त्यांचाच ध्वनिमुद्रित आवाज आला, 'चौकशी हवी की वॉर्ड?'

बाई गप्प बसल्या. एक... दोन... तीन...

'वॉर्ड. जोडत आहे,' यंत्र म्हणालं.

बाईंनी कपाळाला हात लावला. सगळे टॅग बोट ठेवून तपासले. पुन्हा फोन. वॉर्ड. मग पंखा बंद केला. वॉर्ड. मनगटावरचं घड्याळ रुमालात गुंडाळून खणात टाकलं. वॉर्ड. "मेल्या, मी बोललेच नाही तर तू ऐकतोस काय," म्हणत त्यांनी शेवटच्या वेळी रिसीव्हरच्या बोलायच्या टोकावर तळहात गच्च दाबून धरला. पुन्हा वॉर्डच. पण तळहाताला ऊब लागली, आतून कुणी श्वास सोडावा तशी. त्यांनी हात झटकन काढला आणि पदराला पुसला.

मास्तर आल्यावर त्यानं पडद्यावरची नोंद दाखवली. पाचही फोनांपुढे शब्द होता 'वॉर्ड' आणि यंत्राची खात्री शंभर टक्के.

"ताई, तुम्ही बोलताय."

"तासभर तोंड मिटून बसलेय मी."

"असं कसं? माझा आवाज तर ब्याण्णवच्या वर जात नाही कधी..." त्यानं पडद्यावरची नोंद बंद केली. मग घाईनं म्हणाला, "बघू उद्या."

उद्या परीक्षाच होती. शुक्रवारी मास्तर दुसरा रिसीव्हर कानाला लावून, पडद्याकडे तोंड करून बसला. 'चौकशी हवी की वॉर्ड?'

"चौकशी," बाई म्हणाल्या. बावीस वर्षं ज्या आवाजाला कुणी नावं ठेवली नव्हती, त्या आवाजात.

पाच सेकंद गेले. 'तुमचा आवाज ऐकू आला नाही.'

"चौकशी," त्या जोरात म्हणाल्या. मग आणखी जोरात. घसा दुखला.

'तुमचा आवाज ऐकू आला नाही.'

मास्तर हसत वळला. "जमलं की, ताई. किती शांत बसलात, श्वाससुद्धा ऐकू आला नाही मला. आता बोलून दाखवा."

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

'चौकशी. जोडत आहे.'

"वा. अगदी स्वच्छ," मास्तर म्हणाला. "पास." परीक्षेच्या कागदावर सही करून तो निघून गेला.

बाईंना कुणाचा तरी ओळखीचा आवाज ऐकायचा होता. त्यांनी घरी फोन लावला. मुलीनं उचलला.

"बोल गं आई."

बाईंनी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"पास झालीस? बरं झालं बाई. किती जिवाला लावून घेतलं होतंस... हो... हो... आत्ताच निघतेस? बरं, दार उघडंच ठेवते."

"नको," बाई ओरडल्या. "ती मी नाही. दार लाव, आधी दार लाव."



"हॅलो?... नाही गं, मध्येच आवाज गेला तुझा," मुलगी म्हणाली. "हां. आता येतंय ऐकू."