पंजाबभाऊंच्या मोबाईलातला फोटो

लग्नाचे फोटो गोळा करणं म्हणजे नुसता डोक्याला ताप. कोणी मोबाईल हातचा सोडत नाही; सोडला तर चार्जिंग नसतं, चार्जिंग असलं तर मेमरी भरलेली. तेव्हा आमच्या ढाणकीत नेट नावालाच होतं. एकाच्या मोबाईलातले फोटो दुसऱ्याच्यात घ्यायचे ते ब्लूटूथने, दोन्ही मोबाईल शेजारी-शेजारी ठेवून. बाजारगल्लीत आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. भाऊ साजिद सामानासाठी उमरखेडला पळायचा आणि दुकान माझ्या गळ्यात. बायका मोबाईल बिनधास्त माझ्याकडे टाकून जायच्या. गझाला उगाच चाळत बसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

विमलताईंच्या मैत्रेयीचं लग्न विहाराच्या अंगणात झालं. ठरवलेला फोटोग्राफर ऐन वेळी आलाच नाही. मग विमलताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, पाहुण्यांनी काढलेले सारे फोटो गोळा कर, एक सीडी करून दे, पोरीला सासरी नेरला पाठवायची आहे. मी हो म्हटलं. त्यांना नाही म्हणायला जीभ वळत नाही.

त्यांचे मालक पंजाबभाऊ जिनिंगमध्ये फिटर होते. डाव्या हाताची करंगळी मशीनच्या पट्ट्यात गेलेली. कापूसच येईना तेव्हा जिनिंगला कुलूप लागलं, आणि पंजाबभाऊ कामासाठी गुजरातकडे गेले. काही महिने फोन यायचा, मग लागेनासा झाला. त्या सालांत घरचा माणूस फोन उचलेना म्हणजे लोकांच्या मनात आधी काय यायचं, ते सांगायला नको. विमलताईंसमोर मात्र कोणी बोललं नाही. लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी नवऱ्याचं नाव छापलं. छापणाऱ्याने दबकत विचारलं, नावाआधी 'कालकथित' लावायचं का, गेलेल्यांना लावतात तसं? तर त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. नाव तसंच छापलं गेलं.

पहिला मोबाईल विमलताईंच्या भावाचा, रोशनमामांचा. फोटो सीडीसाठी कॉम्प्युटरवर लावताना मी थांबले. पंगतीच्या मागे, खांबाजवळ एक माणूस उभा होता. अंगात निळा शर्ट, खांद्यावर रुईचे पांढरे धागे. तोंड स्टेजकडे, आणि डाव्या हातात वर धरलेला मोबाईल. त्या हाताला करंगळी नव्हती.

मी म्हटलं, असेल कोणी. जिनिंगवाल्यांच्या गावात बोटं गेलेली माणसं काय कमी आहेत?

दुसरा मोबाईल शेजारच्या प्रियंकाचा. त्यात तोच माणूस, पाण्याच्या टाकीपाशी. तिसरा आमच्या हबीबचाचांचा. त्यात तो अगदी जवळ होता, आणि चेहरा अर्धा दिसत होता. पंजाबभाऊच. प्रत्येकाच्या मोबाईलात त्यांचा एकच फोटो, प्रत्येकात मोबाईल वर धरलेला, स्टेजवरच्या मायलेकींकडे.

मी तशीच चाचांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "हव, भेटले ना. पंगतीत त्यांनीच तर वाढलं मले. म्हणे, पोरगी खुशीत दिसते ना?"

"मग तुम्ही विमलताईंना सांगितलं नाही?"

"घरधन्याची खबर घरवालीले मी काय देऊ, बेटा?"

प्रियंकाचंही तेच. नवरीचा बाप आपल्याकडे स्टेजवर मिरवत नाही. पाहुण्यांच्या मागे पाण्याचा जग घेऊन धावतो, सगळ्यांच्या शेवटी जेवतो. तो तिथे दिसला, यात सांगण्यासारखं काय? इतके दिवस कुठे होते, हे लग्नाच्या दिवशी विचारणं तिला बरं वाटलं नाही. रोशनमामांनाही तसंच वाटलं. सगळ्यांनी चांगुलपणानेच तोंड बंद ठेवलं होतं. मला इतका संताप आला की काय सांगू. आणि कोणावर काढायचा तेही कळेना.

ते फोटो उडवून टाकावेत, असं एकदा मनात आलं. पण नवरा त्यांचा होता. ठरवणारी मी कोण?

विमलताई दुपारी आल्या, बाकावर मधोमध बसल्या. मी सारं सांगितलं, कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला आणि एकेक फोटो दाखवला. त्या घाबरल्या नाहीत. स्क्रीनवरच्या त्या हातावर नुसता अंगठा फिरवत राहिल्या.

"साऱ्याइले भेटले," त्या म्हणाल्या. "आमालेच काहून नाही?"

मी पंखा त्यांच्याकडे वळवला.

"मैत्रेयी म्हणत होती, आई, बाबाची अजून थोडी वाट पाहू. मीच म्हटलं, पाहुणे खोळंबले, उरकून घ्या." त्यांचा अंगठा स्क्रीनवर थांबला. "वंदनेच्या वक्ती मूर्तीकडं तोंड होतं, मागं वळून पायलं असतं तं दिसले असते, गझाला. मी वळलीच नाही व."

मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "साऱ्याइच्या मोबाईलातले फोटो घेतले ना तू? मग त्यायच्या हातातल्या मोबाईलातलेही घे."

मी समजावलं. ब्लूटूथला मोबाईल जवळ लागतो. या काउंटरपासून फार तर समोरच्या लिंबापर्यंत, त्यापलीकडचं काही येत नाही.

"लावून तं पाय, माय."

त्यांच्या समाधानासाठी माझ्या मोबाईलचं ब्लूटूथ लावलं. स्क्रीनवर नावं आली. आधी शेजारच्या टेलरचं. मग त्याच्याखाली, पंजाब.

त्यांच्या मोबाईलात ते नाव मीच टाकलं होतं, गुजरातला जायच्या आधी ते मोबाईल दुरुस्तीला घेऊन आले तेव्हा.

मी बाहेर पाहिलं. गल्लीत ऊन होतं. लिंबाखाली कोणी नव्हतं.

मोबाईल थरथरला. पंजाबकडून फोटो येतोय, घ्यायचा का?

मी विमलताईंकडे पाहिलं. "घे," त्या म्हणाल्या. त्यांची नजर अजून कॉम्प्युटरवरच्या त्या हातावर होती.

मी होय दाबलं. फोटो हळूहळू भरत गेला. मला वाटलं, लग्नातला असेल. पांढऱ्या साडीतली मैत्रेयी असेल, फुलं असतील.

लग्नातला नव्हता.

फोटोत माझं दुकान होतं. दारातून काढलेलं. काउंटरमागे मी, मान खाली, हातात मोबाईल. बाकावर विमलताई, अंगावर आजचीच हिरवी साडी. पण फोटोतल्या विमलताई एका कडेला सरकल्या होत्या. शेजारी एका माणसापुरती जागा केली होती. आणि दाराकडे बघून हसत होत्या.

मी मान वर केली.

विमलताईंनी कॉम्प्युटरवरची नजर काढली. दाराकडे वळून पाहिलं. पदर सावरला, बाकाच्या कडेला सरकल्या, आणि हसल्या.

फोटो मी अजून त्यांना दाखवलाच नव्हता.