बांगड्या गप्प होतात तेव्हा

कुलूप जसंच्या तसं होतं. आत मात्र विमलबाई खिडकीकडे तोंड करून निजल्या होत्या.

लतिका उंबऱ्यातच थांबली. निघताना तिने सासूला भिंतीकडच्या कुशीवर ठेवलं होतं, आणि विमलबाईंना वर्षभर स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. केसांना तेल लागलेलं. पाठीशी उशी नीट खोचलेली.

हा तिसरा शनिवार.

"आई, कोण आलं होतं?"

"माय."

"कोणाची?"

"माझी गो. दुसऱ्या कोणाची?"

ती माय जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

"दिसली तुम्हाला?"

"डोळ्यांना कुठं काय दिसतंय? बांगड्या वाजल्या."

"केस विंचरताना?"

"नाय. आली तेव्हा वाजल्या. मग गप्प. जाताना परत वाजल्या."

लतिकाने आपल्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं. या घरात बांगड्या घालणारं कोणी नव्हतंच.

तिचा नवरा नितेश शिफ्ट करून आला. सगळं ऐकून, चप्पलही न काढता म्हणाला, "घरात कोणीतरी शिरतंय. तुझा तो शनिवारचा गट बंद."

"चोरीला काही गेलं नाही रे."

"उद्या आईला काही केलं म्हणजे?"

पेणच्या वाचनालयामागच्या खोलीत, घरी म्हातारं माणूस सांभाळणाऱ्या चार-पाच जणी जमायच्या. तिथे लतिका मोठ्याने रडायची, सासूची नक्कल करून हसायचीही. आठवड्यात तेवढाच वेळ तिचा होता.

"एक शनिवार दे मला," ती म्हणाली.

चावी मीटरच्या पेटीत असायची. गटात सगळ्यांना ते ठाऊक होतं. अडीनडीला एकमेकींच्या घरी धावता यावं म्हणून तसं ठरलंच होतं.

पुढच्या शनिवारी ती गटात फक्त सगळ्यांचे हात बघत बसली. सगळी मनगटं मोकळी. रोह्याची नफिसा हल्लीसारखीच उशिरा आली. "अम्मीला भरवता भरवता गाडी चुकली गो." चहाचा कप उचलताना तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

गट सुटल्यावर लतिकाने तिला पायरीवर गाठलं.

"नफिसा, अम्मी कधी गेल्या?"

"काय बोलतेस! आताच भरवून आले."

"माझ्या घरी जी येते, ती आधी बांगड्या काढते, मगच आईंना हात लावते. काच लागली की त्यांची कातडी कागदासारखी फाटते. भुताला हे कसं कळणार? चोराला तरी? ते आपल्यालाच ठाऊक, म्हणून तर गटात कोणी बांगड्या घालत नाही. चावीची जागाही आपल्यालाच ठाऊक. आणि उशिरा फक्त तू येतेस." लतिकाचा आवाज खाली आला. "पण तू बांगड्या पुन्हा भरल्यास. घरी अम्मींना उचलायचं असतं, तर भरल्या असत्यास?"

नफिसा पायरीवर बसली.

"माझ्या भावाने, यूनुसभाईने अम्मीला म्हसळ्याला नेली होती. तिथंच गेली. भाभीने हात धरून बांगड्या भरल्या. म्हणाली, सुटलीस." ती मनगट चोळत राहिली. "अम्मी नाय, तर गटात मला कोण बसवील? आणि हे हात... वेळ झाली की आपोआप उठतात गो, कूस बदलायला."

"मला विचारायचंस तरी."

"मग तूच विचारलं असतंस, 'अम्मीजवळ कोण हाय?'"

लतिका तिला घरी घेऊन आली. नितेश दारातच होता.

"हा तुझा चोर," लतिका म्हणाली.

नफिसाने मान खाली घालून बांगड्या उतरवल्या. एकेक करून खिडकीत ठेवल्या. विमलबाईंचे डोळे मिटलेलेच होते.

"माय, आलीस?"

नफिसा त्यांच्यावर वाकली.

"व्हय. आले."

एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. विमलबाई विव्हळल्यासुद्धा नाहीत.

नितेशने चप्पल काढली.

"शनिवारी चावी पेटीतच ठेव," तो लतिकाला म्हणाला.